गाण्याची हमाली कोण देणार?



एप्रिल आला की सातपूरच्या वस्त्यावस्त्यांत मंडप पडतो. मंडपवाल्याचा भाव ठरलेला. जनरेटरवाल्याचा ठरलेला. हारवाला रोख मागतो, बॅनरवाला अर्धे आगाऊ घेतो, डीजेवाला तर पैसे मोजून घेतल्याबिगर टेम्पोची चावी फिरवत नाय. ह्या सगळ्या हिशोबात एकाच माणसाचा भाव ठरलेला नसतो. तो माईकसमोर उभा राहून तीन-तीन तास गातो. त्याच्यामागं ढोलकीवाला, बेंजोवाला, कोरसला दोन बाया. त्यांना कमिटी काय म्हणते? "दादा, समाजाचं काम हाये. समजून घ्या."

समजून घेता घेता त्यांची हयात गेली.

ह्या अंकात आम्ही एकच प्रश्न विचारतोय, आणि तो आधी आपल्या घरात विचारतोय. गाणं हे काम आहे का नाही? ढोलकीवर पडणारा हात आणि पोतं उचलणारा हात ह्यांत फरक काय? दोघांना घट्टे पडतात. दोघं म्हातारपणी थरथरतात. मग एकाला मजुरी आणि दुसऱ्याला शाल-नारळ, हा कायदा कुणी केला?

मी हमाल हाये. सातपूरच्या एमआयडीसीत डॉकला गाडी लागली की आमची टोळी भिडते. नगाचा भाव वेगळा, टनाचा वेगळा, थप्पी लावायची असेल तर आणखी वेगळा. मुकादम कितीही हरामी असला तरी त्याला भाव बोलावाच लागतो. नाय बोलला तर टोळी बसून राहते, गाडी उभी राहते, आणि उभ्या गाडीचं भाडं मालकाला चावतं. ही ताकद आम्हाला कुणी दानात दिली नाय. गोदीतल्या कामगाराला १९४८ च्या कायद्यानं थोडं संरक्षण मिळालं. बाजारात डोक्यावर, पाठीवर बोजा वाहणारा मात्र उघडाच होता. ती माणसं अण्णासाहेब पाटलांच्या मागं उभी राहिली, झगडली, तेव्हा कुठं १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. कायद्यानं मालक आणि हमाल ह्यांच्यामध्ये बोर्ड बसवलं. मालकानं मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. हमाल आज ह्या गोदामात, उद्या त्या गोदामात. मालक बदलला तरी बोर्ड तेच.

म्हणून सगळं सोन्याचं झालं असं कुणी समजू नये. कंत्राटदार बदलला की आमची हजेरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. बोर्डाचं नाव काढलं की गेट दाखवतात. पण भांडायला हातात कागद हाये. ढोलकीवाल्याच्या हातात कागदच नाय. तोही आमच्यासारखाच आज ह्या वस्तीत, उद्या त्या वस्तीत, रोज नवा मालक. तरी त्याला बोर्ड नाही, लेव्ही नाही, हजेरी नाही. कारण तो म्हणे कामगार नसून कलावंत आहे. कलावंत म्हटलं की माणसाचं पोट गायब होतं.

हे असं का झालं ते जात बघितल्याशिवाय कळायचं नाही. गावात हलगी कुणी वाजवायची? मांगानं. सांगावा घेऊन कुणी पळायचं, वेशीत तराळकी कुणी करायची? महारानं. मजुरी मागायची सोय नव्हती. बलुतं होतं, वतन होतं, आणि 'मान' होता. वरातीत पुढं चालायचा मान हलगीचा, अन् जेवायची पंगत शेवटची, तीही मांडवाबाहेर. राबवून घेता तर मोबदला ठरवा, हे सांगायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं विधेयक आणलं. ती वतनं कायद्यानं जायला एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठ उजाडलं. पण वतन कागदावरून गेलं, डोक्यातून गेलं नाय. पूर्वी ते गावकीचं काम होतं, आता समाजाचं काम झालं. 'मानधन' हा शब्दच बघा. मान पुढं, धन मागं. मान हातात पडतो, धन वाटेत राहतं.

आणि ही वाटणी सगळीकडं आहे. एसी सभागृहात गातो तो पंडित, मंडपात गातो तो पार्टीवाला. पंडिताला ग्रीनरूम, पार्टीवाल्याला टेम्पोचा आडोसा. लग्नाच्या बँडमधला वाजवणारा बघा. अंगावर जनरलचा कोट, पायात झिजलेली स्लिपर. कोट मालकाचा, स्लिपर त्याची स्वतःची.

आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. तिथं १५ ऑगस्ट १९२२ ला वामनदादा कर्डक जन्मले. शाळा नाही. मुंबईत मिळेल ती मजुरी केली, मोठेपणी अक्षरं शिकले, १९४३ साली पहिलं गाणं रचलं आणि मग साठ वर्षं थांबले नाहीत. हजारो गाणी. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी जी वाट पाडली, ती दादांनी खेड्यापाड्यात नेली. जिथं पुस्तक पोचलं नाही, पेपर पोचला नाही, तिथं बाबासाहेबांचा विचार ह्या माणसाच्या गळ्यातून पोचला. १५ मे २००४ ला दादा गेले. आज सातपुरात दादांचं एखादं गाणं पाठ नाही असं घर शोधून दाखवा. पण "गाणं कुणाचं?" म्हणून विचारलं तर पोरं गायकाचं नाव सांगतात, नायतर चॅनलचं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. भीमगीतं टपरीटपरीवर वाजायला लागली. एकरकमी काहीतरी टेकवायचं, कागदावर सही घ्यायची, विषय संपला. अशा सह्या आपल्या किती कवींनी केल्या, किती गायकांनी केल्या, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाय. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन मोबाईल आला. वाजवायचं यंत्र दर दहा वर्षांनी बदललं. सही करणाऱ्याची खोली तीच राहिली, पत्रा तोच, गळणारं पाणी तेच.

अण्णाभाऊंचं सांगू? 'फकिरा' १९५९ ची. रशियन भाषेत त्यांचं साहित्य गेलं. १९६१ साली ते स्वतः रशिया बघून आले. आणि १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या सिद्धार्थनगरात हा माणूस हालाखीत मेला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. चांगलं झालं. आमची तक्रार पुतळ्याबद्दल नाय. आमची तक्रार अशी की आपल्याला कलावंत धातूचा झाल्यावरच त्याचा खर्च परवडतो. जिवंत असतो तेव्हा तो महाग पडतो.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर तुम्ही शंभरदा ऐकली असंल. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरातली बाई. नऊ महिन्यांची गरोदर असताना बोर्डावर नाचली, राहुटीत बाळंत झाली आणि पुन्हा बारीवर उभी राहिली. भाषणात ही गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. आमचं म्हणणं आहे, टाळ्या थांबवा! बाळंतपणाच्या रजेचा कायदा ह्या देशात १९६१ सालीच आला. ओली बाळंतीण पुन्हा नाचायला उभी राहते तो कलेचा विजय नाय. ज्या धंद्यात रजा नाही, पगार नाही, आज नाचली नाय तर उद्या फडाची चूल पेटत नाय, तो हा धंदा. त्या बाईची हिंमत मोठीच. पण तिच्या हिंमतीचं गाणं करून आपण तिच्या मजुरीचा प्रश्न बुडवला. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेली ही बाई २००२ च्या जानेवारीत गेली, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांना वर्गणी काढावी लागली. पुढं सरकारनं तिच्या नावानं लाखांचा पुरस्कार काढला.

फडातल्या बाकी पोरींचं तर नावही कुणाला माहीत नाही. सीझनच्या आधी उचल घ्यायची, दसऱ्यापासून उन्हाळी जत्रा संपेपर्यंत ती नाचून फेडायची, आणि पावसाळ्यात पोट जाळायला पुन्हा उचल. २०२० आणि २०२१ ह्या दोन साली टाळेबंदीनं जत्राही बंद, जयंतीही बंद. कारखाने पुन्हा सुरू झाले तसे कामगार गेटवर गेले. कलावंताला गेटच नव्हतं. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वाद्य विकलं. त्या दिवसांत त्यांची चौकशी करायला किती कमिट्या गेल्या? ज्यानं त्यानं आपल्या वस्तीपुरतं उत्तर द्यावं.

हे आपल्याच कपाळी आलंय असं मात्र समजू नका. १९६६ साली अमेरिकेत ओकलंडला काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर उभी केली. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी तिच्यावरून नाव घेतलं. नाव घेतलं तसा त्यांचा हिशोबही बघायला पाहिजे. तिकडं वादकांची मोठी युनियन होती. पण कित्येक शहरांत गोऱ्यांची शाखा वेगळी, काळ्यांची वेगळी. सिनेमाच्या, रेडिओच्या स्टुडिओतलं चांगल्या पगाराचं काम गोऱ्या शाखेकडं. लॉस एंजेलिसच्या काळ्या-गोऱ्या वादकांनी मिळून झगडा केला आणि १९५३ साली दोन शाखांची एक शाखा केली. युनियन असून भागत नाही, युनियनमधली जात मोडावी लागते. बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत, आपल्या जिल्ह्यातल्या मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर दोन शत्रूंची नावं एका दमात घेतली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. कलावंताच्या प्रश्नात हे दोन्ही एकाच खाटेवर झोपलेले आहेत.

आता दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडाची गोष्ट ऐका. झुलू माणूस. जोहान्सबर्गला रेकॉर्ड कंपनीत माल भरायचं काम करायचा. पॅकर! म्हणजे माझ्याच धंद्यातला. १९३९ साली त्यानं 'मबुबे' नावाचं गाणं गाऊन रेकॉर्ड केलं. मबुबे म्हणजे सिंह. त्या गाण्याचे त्याला दहा शिलिंग मिळाले. गाणं समुद्र ओलांडून गेलं. अमेरिकेत त्यावर दुसरे शब्द चढले, १९६१ साली ते तिथं तुफान चाललं, आणि १९९४ साली डिस्नेच्या 'लायन किंग' सिनेमात वाजलं. लिंडा १९६२ सालीच मेला, कंगाल. त्याच्या कबरीवर कित्येक वर्षं दगड नव्हता. पोरींनी कोर्टात धाव घेतली तेव्हा २००६ साली तडजोड झाली आणि घरात पैसा आला. बाप मेल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी. सिंहाचं गाणं ज्यानं केलं त्याला उंदराएवढा वाटा नाय, अन् ज्यांनी ऐकवलं त्यांची जंगलं झाली.

पण ह्या गोष्टीत एक खिळा आहे तो नीट बघा. पोरी जिंकल्या त्या कायद्याचा धागा सापडला म्हणून. आपल्याकडं धागा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देऊ शकत नाही. दिला तरी तो चालत नाही. कलावंताची संस्था किंवा वारस, एवढ्यांनाच तो जातो. गाणाऱ्यालाही धंद्यासाठी वापर झाला तर वाटा सांगितलाय. कवी मेल्यावर साठ वर्षं त्याच्या शब्दांवर वारसाचा हक्क असतो. म्हणजे अण्णाभाऊंचे शब्द २०२९ अखेरपर्यंत, वामनदादांचे २०६४ अखेरपर्यंत. आणि कलम ५७ म्हणतं, हक्क विकला तरी नाव विकलं जात नाही. जो कवी आहे तो कवीच राहतो. म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या नावावर खपवणारा चॅनलवाला चोर आहे, आणि हे आम्ही नाय, कायदा म्हणतो. कवींची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. तिथं नाव नोंदवलेले आपल्या वस्तीतले कवी किती? विचारून बघा.

सरकार काय करतं? म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देतं. २०२४ साली ते सरसकट महिना ५,००० रुपये केलं. नाय पेक्षा बरं. पण अर्जासोबत कामाचे पुरावे मागतात. चाळीस वर्षं गायलेल्या माणसानं पुरावा आणायचा कुठून? त्याला कुणी कधी पावती दिली? पत्र दिलं? आपणच त्याला तोंडी बोलावलं, तोंडी वाहवा केली आणि पाकीट खिशात कोंबलं. म्हणजे त्याची म्हातारपणची भाकर आपणच खोडून टाकली. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत दृक्-श्राव्य कामगार हा शब्द आहे. सिनेमात, मालिकेत, डिजिटल कार्यक्रमात काम करणारे गायक, वादक, नर्तक त्यात मोजलेत. म्हणजे गाणारा कामगार असू शकतो हे दिल्लीनंसुद्धा मानलं. फक्त कॅमेऱ्यापुढचा मानला. मंडपातला, जत्रेतला, वरातीतला बाहेरच.

आता काही भाऊ उठतील. म्हणतील, "बाबासाहेबांच्या गाण्याचे पैसे मागता? चळवळीचा बाजार मांडता?" त्यांना आमचं शांतपणे उत्तर आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. मजुरीचा हिशोब मागणं हे त्यांच्या लेकराला शोभतं, लाजवत नाही. फुकट राबणं हीच आपली जुनी जात होती, ती १९५६ साली टाकून दिली. डीजेच्या भिंतीला लाखभर रुपये देताना चळवळीचा बाजार होत नाही, आणि ढोलकीवाल्यानं दोन हजार मागितले की होतो? बाजार तर मांडलेलाच आहे, भाऊ. त्यात आपलाच माणूस तेवढा फुकट विकतोय.

दुसरे म्हणतील, "वस्ती गरीब आहे, पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न खरा आहे. त्याची टर उडवायची नाही. कंत्राटी पोरगा, धुणीभांडी करणारी बाई ह्यांच्या वर्गणीवर जयंती होते. म्हणूनच ह्या पैशाचा हिशोब कडक पाहिजे. छातीत धडकी भरवणाऱ्या आवाजावर तो उडवायचा का गाणाऱ्याच्या चुलीत घालायचा, हे वस्तीनं बसून ठरवावं. कमी द्या. पण ठरवून द्या, लिहून द्या, वेळेवर द्या. आणि ज्याला स्वतःहून फुकट गायचंय त्यानं जरूर गावं. ते त्याचं दान. दान मागून घेत नसतात, आणि दुसऱ्याच्या वतीनं तर कुणीच करायचं नसतं.

एकटा कलावंत हे करू शकणार नाही. एकट्यानं भाव सांगितला की कमिटी दुसरा आणते. म्हणून संघ पाहिजे. हे काय परदेशातून आणायचं नाय. सातपूरपासून जवळ आपली त्रिरश्मी लेणी आहेत. तिथं दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात ह्याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण ठेवले. कुठं ठेवले? गोवर्धनच्या विणकरांच्या संघांकडं! गोवर्धन म्हणजे आपल्या शेजारचं, गंगापूर रस्त्याचं गोवर्धन. २,००० एका संघाकडं, शेकडा एक दरमहा व्याजानं; १,००० दुसऱ्याकडं, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही. हे निगमसभेत ऐकवलं, नोंदवलं आणि दगडात कोरलं. राजाचा जावई हातमागावर बसणाऱ्यांशी दर ठरवून लेखी व्यवहार करतो. एकट्या विणकराला त्यानं दारातही उभं केलं नसतं. संघ होता म्हणून दगडावर नाव आलं. एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडात जमलं ते आपल्याला साध्या कागदावर जमत नाय?

म्हणून ह्या अंकातून आमच्या मागण्या. पहिल्या पाच आपल्याला, सहावी सरकारला.

एक. सुपारी लेखी. रक्कम, तास, प्रवास, जेवण, सगळं एका कागदावर. अर्धे आगाऊ, अर्धे मंचावरून उतरल्याबरोबर. कमिटीचा शिक्का असलेली पावती कलावंताच्या हातात. तोच उद्याचा पुरावा.

दोन. जयंतीच्या जमाखर्चाच्या फळ्यावर कलावंतांचा खर्च वेगळा दाखवा, डीजेचा वेगळा. लोकांना दोन आकडे शेजारी शेजारी वाचू द्या.

तीन. गाण्याआधी कवीचं नाव. मंचावरून बोला, व्हिडिओखाली लिहा. ह्याला एक पैसा लागत नाय.

चार. पार्टीतला वाटा उघड. मुख्य गायकानं मुकादम व्हायचं नाही. ढोलकीवाल्याला, कोरसवालीला किती मिळाले ते सगळ्यांसमोर.

पाच. बाईला पुरुषाएवढेच पैसे. कपडे बदलायला बंद जागा, संडासाची सोय, आणि रात्री घरच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी कमिटीची. मंचाजवळ दारू पिऊन आलेल्याला बाहेर काढायची जबाबदारीही कमिटीचीच.

सहा. माथाडीच्या धर्तीवर लोककलावंतांचं बोर्ड. जत्रा कमिट्या, इव्हेंटवाले, सरकारी महोत्सव ह्यांनी मजुरीवर लेव्ही भरावी. त्यातून फंड, विमा, बाळंतपणाची रजा. पाठीवरच्या बोजाला बोर्ड मिळालं, तसंच गळ्यातल्या बोजालाही मिळालं पाहिजे.

कामाला आजच लागा. आपापल्या वस्तीतले गायक, वादक, कवी, नाचणाऱ्या, बँडवाले ह्यांच्याकडं जा. वही घेऊन जा. कोण काय वाजवतं, किती वर्षं वाजवतं, शेवटचे पैसे कधी आणि किती मिळाले, ते त्यांना विचारून लिहा. कुठं छापायचं, कुठं नाही, हेही त्यांनाच विचारा. सातपूर, अंबड, सिडको, नाशिकरोड, देवळाली, जिथून वह्या येतील त्यांवरून आपलं पहिलं दरपत्रक तयार करू आणि पुढच्या अंकात छापू. भाव बोलल्याबिगर टोळी पोत्याला हात लावत नाय. तसाच भाव बोलल्याबिगर ढोलकीचा दोर आवळायचा नाय.

जय भीम!